डाळिंबाच्या झाडावरचे कागदवाले

डिंककाकांचं खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर होतं. पाटी पुसट झाली, नाव गेलं, 'बाइंडिंग करून मिळेल' एवढंच उरलं. डिंककाका हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलं. त्यांच्या बोटांना सदा खळ लागलेली असते, हे वरवरचं कारण. खरं कारण असं की ते एकदा शेजारी बसले की सुटत नाहीत.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती माझा प्रबंध बांधून घ्यायला. विषय साहित्य, पानं एकशे अठरा, प्रती चार. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"एक्केचाळीसनंतर त्रेचाळीस आहे," ते म्हणाले. "बेचाळीस कुठाय?"

मी पानं चाळली. बेचाळीस नव्हतं. चारही प्रतींत नव्हतं.

"आकडा चुकला असेल," मी म्हणाले.

"आकडा नाही चुकला. एक्केचाळीसच्या तळाला तू म्हणतेस, याची तीन कारणं आहेत. त्रेचाळीस उघडलं की तिसरं कारण सुरू. पहिली दोन कुठं गेली?"

माझ्या मार्गदर्शक बाईंनी तो प्रबंध दोनदा वाचला होता. निदान सही तरी दोनदा केली होती. मी तिथल्याच एका स्टुलावर बसले.

"पोरीला आधी चहा द्या," आतून आवाज आला. "मग घाबरवा."

तो आवाज काकूंचा. तेव्हापासून आमची मैत्री आहे. काका बासष्ट वर्षांचे, मी तेवीस. पदवीचं पुढं काय करायचं ते मला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे मी वरचेवर जायचे.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत लोखंडी दाबयंत्र, कागद कापायचं यंत्र आणि छतापर्यंत पुठ्ठ्यांचे गठ्ठे. मागं एवढंसं अंगण. अंगणात एक डाळिंबाचं झाड, त्याखाली दोन स्टुलं आणि शिवणीची लाकडी चौकट. काका मापं घेतात, कापतात, चिकटवतात. काकू शिवतात. पुस्तक म्हणजे फर्म्यांची चळत. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. मेण लावलेल्या दोऱ्यानं एक फर्मा दुसऱ्याला शिवायचा, दुसरा तिसऱ्याला. काकू हे काम एकतीस वर्षं करताहेत.

चार वर्षांपूर्वी त्यांचे डोळे अधू झाले. डॉक्टरांनी सांगितलं, बारीक काम उन्हाच्या उजेडात करा, दिव्याखाली अजिबात नको. म्हणून डाळिंबाखालचं ते स्टूल हाच काकूंचा कारखाना. सकाळी आठ ते अकरा ऊन तिरपं येऊन त्यांच्या मांडीवर पडतं. तेवढ्या उजेडातही टाक्याची जागा नेमकी दिसत नाही. ती काका सांगतात.

"एक सूत डावीकडे. अजून. हां, बस."

सुई तिथंच जाते. सूत हे सुताराचं माप, फार तर गव्हाच्या दाण्याएवढं. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, दोघं भांडताहेत.

हवेत गारवा यायला लागला होता त्या दिवसांतली गोष्ट. मी सकाळी गेले तर काका दारातच उभे.

"हळू बोल. पाहुणे आलेत."

"कोण?"

"कागदवाले."

डाळिंबाच्या एका आडव्या फांदीला, काकूंच्या स्टुलाच्या बरोबर वर, पानांत दडून एक चेंडू लटकत होता. नारळाएवढा, करड्या कागदाचा. खाली एक भोक. त्यातून एक गांधीलमाशी बाहेर आली, आमच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि कामावर निघून गेली.

"एवढं मोठं होईपर्यंत दिसलं नाही?" मी विचारलं.

"मी वर कशाला बघू? माझं काम खाली असतं."

"मला आठवडाभर पंख्याचा आवाज येत होता," काकू खोलीतून म्हणाल्या. "मी म्हणतेय, अंगणात पंखा कुणी लावला?"

त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं सुजली होती. आदल्या दिवशी एक माशी मांडीवरच्या पानावर येऊन बसली. काकूंना वाटलं दोऱ्याचा तुकडा. त्यांनी तो चिमटीत उचलला.

त्या दिवसापासून काकू आत शिवायला बसल्या. आतल्या खोलीला एक खिडकी आहे, पण ती शेजारच्या भिंतीकडे बघते. भिंतीवरून जेवढा उजेड परत येईल तेवढाच. मी गेले की त्या सुई-दोरा माझ्यापुढे धरायच्या.

"ओव गं जरा. तुझे डोळे नुसते कविता वाचून फुकट चाललेत."

मी ओवायचे. त्या हसायच्या. पण एका फर्म्याला त्यांना तिप्पट वेळ लागत होता आणि दुपारी कपाळाला ओला रुमाल बांधून त्या पडून राहत.

काम वाचनालयाचं होतं. चाळीस जुनी पुस्तकं, सगळी खिळखिळी झालेली, महिनाअखेरीपर्यंत परत द्यायची. वाचनालयाच्या समितीला ती शहरात मशीनवर पाठवायची होती. वाचनालयाच्या बाई भांडल्या. हातची शिवण ती हातची शिवण, म्हणाल्या, आणि पुस्तकं काकूंकडे आणली. आता ती वेळेत झाली नाहीत तर समिती म्हणणार, बघा, आम्ही सांगत होतो. मग पुढची पुस्तकं मशीनवर. मग काकूंनी मांडीवर हात ठेवून बसायचं.

"मशीनला शिवण म्हणतात का?" काकू म्हणायच्या. "पुस्तक उघडलं की पानं पाखरांसारखी उडतात."

पंचवीस पुस्तकं बाकी होती आणि सतरा दिवस.

"ऐका," काकूंनी काकांना सांगितलं. "या अंगणात एकतर त्या माश्या राहतील, नाहीतर मी. आणि मी इथं एकतीस वर्षं जुनी आहे."

"उद्या काढतो," काका म्हणाले.

उद्या वारा होता. वाऱ्यात माश्या चिडतात, काका म्हणाले. परवा वारा नव्हता. वारा नसला की त्यांना माणसाचा वास लगेच कळतो, काका म्हणाले. तेरवा त्यांना शास्त्र काही सुचलं नाही, तेव्हा त्यांचा गुडघा दुखला.

"घाबरतात," काकू मला हळूच म्हणाल्या. "शाळेत असताना सात चावल्या होत्या. तोंड भोपळ्याएवढं झालेलं. त्यांच्या आईनंसुद्धा ओळखलं नाही."

"सात नव्हत्या, नऊ होत्या," पुढच्या खोलीतून काका ओरडले.

अंगणाच्या भिंतीपलीकडे एक रिटायर झालेले कंडक्टर राहतात. पस्तीस वर्षं बसमध्ये काढल्यामुळे ते अजूनही सगळ्यांना पुढे सरकायला सांगतात. त्यांनी भिंतीवरून डोकं काढलं.

"डिंकशेठ, रॉकेल ओता आणि काडी लावा. दोन मिनिटांत गाडी रिकामी."

"चार हातांवर माझे पुठ्ठे आहेत, कंडक्टर. गाडीबरोबर डेपोही रिकामा होईल."

"मग औषध मारा."

"ते मी मारू देणार नाही," काकू आतून म्हणाल्या. "मी दिवसातून शंभर वेळा दोऱ्याचं टोक तोंडात घालते. अंगणात विष नको."

कंडक्टरांनी विचार केला. "मग तिकीट काढायला लावा त्यांना. आपोआप उतरतील."

आणि डोकं खाली गेलं.

त्या दिवसांत काकांनी पोळं सोडून दुसरं काही पाहिलं नाही. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला स्टूल ठेवून ते तासन् तास बसत. एकदा त्यांनी मला हाक मारली आणि उन्हात वाळत टाकलेला एक पुठ्ठा दाखवला. निळ्या कागदात मढवलेला. त्यावर बारीक, सरळ रेघा होत्या, कुणी नखानं ओढल्यासारख्या.

"हात लाव. कागद गेलाय तिथला. आता वर बघ."

मी वर पाहिलं. करड्या चेंडूवर एक निळा पट्टा होता. त्याच्या वर एक तपकिरी-लाल. तो गेल्या आठवड्यातल्या रजिस्टरांचा रंग होता.

"चोरी," काका म्हणाले. "आणि वर प्रदर्शन मांडलंय." पण त्यांचा आवाज चोरी पकडणाऱ्याचा नव्हता. "खरवडतात, चावतात, थुंकीत भिजवतात आणि पसरतात. लगदा, खळ, कागद, सगळं एका तोंडात. मला त्याला तीन भांडी लागतात. आणि जाडी बघ. तो पाऊस झाला परवा, एक थेंब आत नाही गेला."

मी चार वर्षं साहित्य शिकले. कागदाकडे असं बघताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

"झालं का कौतुक?" काकूंचा आवाज आला. "मग आता आमचंही थोडं करा. हा टाका कुठं पडला सांगा."

काका उठून आत गेले. आत अंधार होता. त्यांनाही दिसलं नाही.

त्या संध्याकाळी काका तयारीला लागले. पुस्तकाच्या पाठीला आतून जाळीचं कापड लावतात. त्या कापडाचा त्यांनी डोक्यापासून कमरेपर्यंत झगा शिवून घेतला. शिवला अर्थात काकूंनीच, मोठ्या टाक्यांनी.

"नवरदेव दिसताय," काकू म्हणाल्या.

"तेव्हाही असाच घाबरलो होतो."

त्यांची योजना त्यांच्या मते बिनतोड होती. दिवेलागणीला सगळ्या माश्या आत जातात. तेव्हा खालचं भोक बंद करायचं. आत कोंडल्या की पोळं सावकाश उतरवायचं, सकाळी, उजेडात. भोक कशानं बंद करायचं हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. त्यांनी घट्ट खळ शिजवली. जाड खाकी कागदाचे तीन गोल कापले. मध्ये जाळीचं कापड.

मी आणि काकू दारातून बघत होतो. काका स्टुलावर चढले. पहिला गोल बसला. दुसरा बसला. तिसरा लावताना फटीतून एक माशी निसटली, झग्यात शिरली आणि त्यांच्या कानाला चावली. काका ओरडले. पण खाली उतरले नाहीत. एका हातानं कान धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं त्यांनी तिसऱ्या गोलाची कड सगळीकडून दाबून घेतली. सुरकुती राहू नये म्हणून. मग उतरले आणि अंगणाभोवती पळत दोन फेऱ्या मारल्या.

"पळायचंच होतं तर आधी पळायचं," काकू म्हणाल्या.

"कड उचलली असती ना."

सकाळी मी मुद्दाम लवकर गेले. काका अंगणात उभे होते. कान लाल, फुगलेला. त्यांच्या तीन पदरी ठिगळाच्या बरोबर मधे एक गोल भोक होतं. सुबक, जणू पंचानं पाडलेलं. माश्या ये-जा करत होत्या. दोघी-तिघी ठिगळाच्या कडा खरवडत होत्या. आणि पोळ्याच्या पोटावर, निळ्या पट्ट्याखाली, खाकी रंगाची एक नवीन ओली रेघ उमटली होती.

काकू दारापर्यंत आल्या. "काय झालं?"

मी सांगितलं.

काकूंनी आधी तोंडावर पदर घेतला. मग त्यांना चौकटीला धरून खाली बसावं लागलं. आठ दिवसांत त्या अशा हसल्या नव्हत्या.

"अहो, कागदवाल्यांना कागदानं कोंडलंत! वर खळही दिलीत! चहा तेवढा द्यायचा राहिला!"

कंडक्टरांचं डोकं वर आलं. त्यांनाही सांगावं लागलं. त्यांनी घंटीची दोरी दोनदा ओढल्यासारखं केलं आणि खाली गेले.

काकाही हसले. त्यांच्याइतकं स्वतःला हसणारा माणूस मी पाहिलेला नाही. पण ते हसणं दुपारपर्यंतच टिकलं.

दुपारी ते शिवून झालेलं एक पुस्तक दाबयंत्रात घालत होते. मी पुठ्ठ्यांवर बसून काहीतरी वाचत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी पुस्तक बाहेर काढलं, उघडलं, पानं उलटली आणि माझ्यापुढे धरलं. एकशे बारा पानापर्यंत सगळं ठीक. पुढची सोळा पानं उलटी होती. डोकं खाली, पाय वर. फर्मा उलटा शिवला होता.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा, हे त्यांनी मला सांगितलं नाही. ते मला त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळलं.

काकू आतल्या खोलीत पडल्या होत्या, कपाळावर रुमाल घेऊन. काकांनी ते पुस्तक एका कोऱ्या कागदात गुंडाळलं आणि गठ्ठ्याच्या सगळ्यात खाली ठेवलं.

"तिला सांगू नकोस," ते म्हणाले.

"मला माहीत आहे," आतून काकू म्हणाल्या. "रात्रीच कळलं. बोट फिरवलं तेव्हा, कड जुळेना. उसवायचं राहिलं, दिसत नव्हतं म्हणून."

मग काकांनी सगळ्यात जाड पुठ्ठा काढला आणि कापायच्या यंत्रापाशी नेला.

"काय करताय?" काकूंनी विचारलं.

"पेटी."

जुन्या, मोलाच्या पुस्तकांसाठी काका पेट्या करतात. पुस्तकासारखी उघडणारी पेटी. दोन बाजूंना दोन खोल कप्पे, मधे कापडाची पाठ. मिटली की आतलं पुस्तक हलत नाही. ही पेटी नारळाहून थोडी मोठी करायची, मिटणाऱ्या कडेला फांदीसाठी दोन खाचा ठेवायच्या, पोळ्याच्या खालून वर आणायची आणि पुस्तक मिटावं तशी मिटायची. मग फांदी कापून सगळं उचलून न्यायचं.

"पुन्हा कागदातच?" काकू म्हणाल्या.

"या वेळी हिशेब करून. तीन कागद आणि जाळी पोखरायला त्यांना एक रात्र लागली. हा पुठ्ठा बारा कागदांचा. उजाडल्यावर कोंडल्या तर दुपारपर्यंत तरी बाहेर येत नाहीत. तोवर आपण त्यांना लांब सोडून येतो."

"माप घेतलंत?"

"नजरेनं."

"कुणाच्या?" काकू म्हणाल्या. "माझ्या नजरेनं घेतलं असेल तर गाडीएवढी करा."

संध्याकाळपर्यंत पेटी झाली. कोपरे काटकोनात. पाठीला हिरवं कापड. आत मऊ कागद लावलेला. तो कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

"आता वर सोनेरी अक्षरांत नाव टाका," काकू म्हणाल्या.

काकांनी पेटी हातात धरून खरोखर थोडा विचार केला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी स्कूटर घेऊन पोचले. अंगणात राखाडी उजेड होता. गारठ्यानं पोळं गप्प होतं. ठरलं असं होतं की पेटी काकांनी धरायची, आणि ती मिटली की झाड छाटायच्या कात्रीनं फांदी मी कापायची.

काका जाळीचा झगा घालून स्टुलावर चढले. उघडी पेटी त्यांनी वर उचलली. पेटी थरथरत होती. ते थांबले. पुन्हा उचलली. पुन्हा थरथरली. पेटीची कड एका पानाला लागली, आणि पोळ्याच्या आत कुणीतरी कूस बदलल्यासारखा आवाज झाला.

"उतरा," काकू म्हणाल्या.

त्या केव्हा बाहेर आल्या ते मला कळलं नव्हतं. झगा नाही, काही नाही. बाह्या वर केलेल्या.

"तुला दिसणार नाही," काका कुजबुजले.

"तुम्हाला दिसतंय ना? मग सांगा."

काका उतरले. काकू चढल्या. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ धाडसी प्रसंग वाचले आहेत. त्यांत कुणी स्टुलावर चढण्यापूर्वी चपला जोडीनं काढून बाजूला ठेवल्याचं मला आठवत नाही.

"वर," काका म्हणाले. तोच आवाज, रोजच्या कामाचा. "अजून वर. दोन सूत डावीकडे. थांब. पुढे एक सूत. आता वर, सावकाश. फांदी खाचेत आली. थांब."

काकूंचे हात थांबले. ते अजिबात हलत नव्हते. पेटीच्या दोन बाजूंमधे पोळं होतं, आणि दोन्हीकडे बोटभर जागा. काकांची नजर चुकली नव्हती.

भोकातून एक माशी बाहेर आली. चालत पेटीच्या कडेवर आली. तिथून काकूंच्या मनगटावर.

"हा दोरा नाही ना?" काकू अगदी हळू म्हणाल्या.

"नाही," काका म्हणाले.

"बरं. मग मी हलत नाही."

माशी मनगटावरून अंगठ्यावर गेली. अंगठ्याच्या टोकाशी उभी राहिली. मग ती वळली, पुठ्ठ्यावर उतरली आणि आत गेली.

"मीट," काका म्हणाले.

काकूंनी पेटी मिटली. पान वाचून झाल्यावर पुस्तक मिटावं तशी, आवाज न करता. काकांनी भोवती फीत गुंडाळून सुटी गाठ मारली. मी फांदी दोन्हीकडून कापली. दुसऱ्या वेळेला माझे डोळे मिटलेले होते, हे मी नंतर कबूल केलं.

आतून आता मोठा आवाज येत होता. पंख्याचाच.

"निघा," काकू म्हणाल्या. "दुपारपर्यंत म्हणालात, पण तुमच्या हिशेबावर मी एकदा हसले आहे."

मी स्कूटर चालवत होते. मागं काका, झगा घातलेला, मांडीवर पेटी. पेटी माझ्या पाठीला टेकत होती आणि माझा कणा गुणगुणत होता. गल्लीच्या तोंडाशी कंडक्टर फिरायला निघालेले भेटले. त्यांनी हात आडवा केला. सवयीनं मी थांबले.

"एवढ्या सकाळी कुठं?"

"शेवटच्या स्टॉपला," काका म्हणाले.

"मांडीवर काय आहे?"

"पुस्तक."

पुस्तक मोठ्यांदा गुरगुरलं. कंडक्टर दोन पावलं मागं सरले, आणि पस्तीस वर्षांच्या आवाजात ओरडले, "जाऊ द्या पुढं!"

गावाबाहेर एक बंद पडलेली वीटभट्टी आहे. तिथं झुडपं माजलीत, कुणी जात नाही. काकांनी विटांच्या दोन ढिगांवर फांदीची दोन टोकं टेकवली. पेटी मधे लोंबत राहिली. मग खिशातून काकूंच्या मेणाच्या दोऱ्याची गुंडी काढली. एक टोक सुट्या गाठीला बांधलं, आणि दोरा सोडत सोडत मागं येत राहिले. आम्ही स्कूटरपाशी पोचलो तेव्हा गुंडी संपली. मी स्कूटर सुरू करून ठेवली.

"ओढू?" काकांनी विचारलं.

"माझ्याकडे काय बघताय?"

त्यांनी ओढलं. फीत सुटली. पेटी उघडली आणि पाठीवर खाली पडली, दोन्ही हात पसरून पडावं तशी. करडा, निळा, लाल, खाकी चेंडू उघड्यावर लटकत राहिला. पहिलं ऊन त्याच्यावर आलं होतं. मग भोकातून माश्या निघाल्या, एकीमागून एक, आणि बऱ्याच.

"पळ!" काका ओरडले.

मुख्य रस्त्याला लागेपर्यंत आम्ही मागं पाहिलं नाही.

"पेटी राहिली," मी म्हणाले. "परत आणायची का नंतर?"

"राहू दे. तिथं त्यांना पुठ्ठा कुठं मिळणार?"

आम्ही परत आलो तेव्हा साडेआठ झाले होते. काकू डाळिंबाखाली बसल्या होत्या, आपल्या स्टुलावर. चौकट पुढ्यात. ऊन मांडीवर. त्यांच्या डोक्यावर, कापलेल्या फांदीच्या जागी, तीन-चार माश्या घिरट्या घालत होत्या. रात्री बाहेर राहिलेल्या असाव्यात. घर कुठं गेलं ते शोधत होत्या.

"काकू, आत या," मी म्हणाले. "अजून आहेत."

"त्यांना कुणीतरी पत्ता द्या बिचाऱ्यांना," काकू म्हणाल्या, आणि हलल्या नाहीत. "सोडून आलात पाहुण्यांना?"

"आलो," काका म्हणाले. झगा काढून ते समोरच्या स्टुलावर बसले.

काकूंच्या मांडीवर ते कागदात गुंडाळलेलं पुस्तक होतं. उलटा फर्मा त्यांनी उसवून सरळ केला होता. बाकीची पुस्तकं रांगेनं भिंतीशी मांडली होती. अजून नऊ दिवस होते. काकूंनी बोटांवर पुस्तकं मोजली, मग दिवस मोजले, आणि मान हलवली. जमण्यासारखं होतं.

त्यांनी नवा दोरा तोडला. त्याचं टोक तोंडात घेतलं. सवयीनं मी हात पुढे केला, सुई ओवून द्यायला.

काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी सुई आभाळासमोर धरली, एक डोळा बारीक केला, आणि दोरा पहिल्याच खेपेला आरपार गेला.

"सांगा," त्या काकांना म्हणाल्या.

"एक सूत उजवीकडे," काका म्हणाले. "हां. बस."